आपली नोंद कोणत्या नावाखाली?



या महिन्याच्या सदराचा विषय एका भगिनीच्या पत्राने ठरविला. त्या मस्कतमधील एका भारतीय शाळेत शिकवितात आणि नोकरी सांभाळून दूरशिक्षणाने शिक्षणशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेत आहेत. लघुप्रबंधासाठी त्यांनी एक तुलना योजिली होती. एकीकडे महाराष्ट्रातील अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी निघालेली वसतिगृहे. दुसरीकडे अमेरिका व कॅनडा येथील मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी सरकारने आणि चर्चने चालविलेल्या निवासी शाळा. मार्गदर्शकांनी टिपण वाचले आणि अभिप्राय दिला की भारताच्या बाजूने पुरेसे संदर्भसाहित्य नाही, सबब विषय बदलावा. ताईंनी मग स्वतः दोन शुक्रवार संगणकासमोर घालविले. अमेरिकेविषयी शेकडो लेख आले, आपल्याविषयी मोजून पाच. "खरोखरच आपल्या शिक्षणाविषयी कोणी लिहिलेले नाही काय?" असे त्या विचारतात.

लिहिलेले आहे, आणि पुष्कळ आहे. ते ज्या नावाखाली नोंदविले गेले त्या नावाने त्याला हाक मारावी लागते. ही नावे आपण स्वतःला दिलेली नसल्यामुळे ती आपल्या ओठांवर सहजी येत नाहीत, इतकीच अडचण आहे. माझा व्यवसाय संगणकप्रणालीचा असल्याने या अडचणीची यांत्रिक बाजू मी थोडी समजावून सांगू शकते.

संशोधनलेखांच्या डेटाबेसमध्ये प्रत्येक लेखाला शीर्षक, लेखकाचे नाव, सारांश आणि काही ठरीव विषयशब्द चिकटविलेले असतात. आपण शोधाच्या चौकटीत शब्द घालतो तेव्हा यंत्र प्रामुख्याने ही चिकटपत्रे वाचते. लेखाचे पोट वाचतेच असे नाही. अलीकडची काही शोधयंत्रे अर्थाचा अंदाज बांधतात हे खरे. तथापि विद्यापीठे ज्यांची वर्गणी भरतात त्यांपैकी पुष्कळ डेटाबेस अजून शब्दाला शब्द जुळवूनच चालतात. म्हणून विचारावयाचा प्रश्न असा की आपल्या समाजाच्या माथी ही चिकटपत्रे कोणी, केव्हा आणि कोणत्या भाषेत लावली.

एकोणिसाव्या शतकातील सरकारी अहवालांत आपण 'लो कास्ट्स', 'आउटकास्ट्स' किंवा सरळ जातीच्या नावाने आहोत. विसाव्या शतकाच्या आरंभापासून 'डिप्रेस्ड क्लासेस' हा शब्द रूढ झाला. १९३५ च्या कायद्याने 'शेड्यूल्ड कास्ट्स' आणले. गांधीजींच्या प्रभावाखालील लिखाणात 'हरिजन' आहे आणि तो शब्द आपल्याला कितीही खुपला तरी शोधताना टाळून चालत नाही. १९६० च्या दशकातील अमेरिकन अभ्यासकांनी 'एक्स-अनटचेबल' असाही एक प्रकार केला. हॅरल्ड आयझॅक्स यांच्या १९६५ च्या पुस्तकाच्या नावातच तो आहे. १९५६ नंतर 'निओ-बुद्धिस्ट' आले. दलित पँथरच्या उदयानंतर इंग्रजी विद्याजगतात 'दलित' हा शब्द हळूहळू स्थिरावला. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची विषयसूची जगभरची ग्रंथालये वापरतात. तिच्यातही पूर्वी 'अनटचेबल्स' होते, आता 'दलित्स' आहे.

ताईंनी इंग्रजीत 'दलित', 'हॉस्टेल' आणि 'महाराष्ट्र' हे तीन शब्द घातले होते. एलिनॉर झेलियट यांचा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील १९६९ चा प्रबंध आपल्या चळवळीच्या इतिहासाचा पाया मानला जातो. त्याच्या शीर्षकात डॉ. आंबेडकर आहेत, महार चळवळ आहे; 'दलित' नाही. त्यांच्याच १९९२ च्या लेखसंग्रहाचे नाव 'फ्रॉम अनटचेबल टू दलित' असे आहे. दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. फिलिप कॉन्स्टेबल यांचा एक महत्त्वाचा लेख २००० साली 'इंडियन इकॉनॉमिक अँड सोशल हिस्टरी रिव्ह्यू' या नियतकालिकात आला. आपल्या मुलांना वर्गाबाहेर व्हरांड्यात बसविण्याच्या प्रथेविरुद्ध एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जो झगडा झाला, त्याविषयी तो आहे. त्याच्या शीर्षकात शाळेचा व्हरांडा आहे, अवतरणचिन्हांत 'अनटचेबल' आहे आणि प्रदेश म्हणून 'वेस्टर्न इंडिया' आहे. 'दलित' नाही, 'महाराष्ट्र' नाही. ताईंच्या प्रश्नाच्या इतक्या जवळचा लेख त्यांच्या जाळ्यातून अलगद निसटला.

तेव्हा पहिली गोष्ट ही की शोधण्यापूर्वी कागद घ्यावा आणि आपल्या समाजाची, आपल्या प्रदेशाची व आपल्या वस्तूची जितकी नावे इंग्रजीत होऊन गेली तितकी लिहून काढावीत. प्रदेशासाठी 'बॉम्बे प्रेसिडेन्सी', 'डेक्कन', 'वेस्टर्न इंडिया', विदर्भासाठी 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस' आणि 'बेरार', मराठवाड्यासाठी 'हैदराबाद स्टेट'. एका अर्थाचे शब्द एका कंसात 'ऑर' ने जोडावेत आणि कंसांना एकमेकांशी 'अँड' ने जोडावे. शब्दाचे शेपूट बदलत असेल तेथे मूळ भाग लिहून तारांकन द्यावे, म्हणजे 'अनटचेबल', 'अनटचेबल्स', 'अनटचेबिलिटी' सर्व एकदम येतात. नावांच्या रोमन लेखनातील घोळही ध्यानात असू द्यावा. फुले हे नाव 'पी-एच' ने लिहिले जाते तसे 'एफ' नेही. चोखामेळा 'सी-एच' ने सुरू होतो, आणि काही पाश्चात्त्य अभ्यासकांकडे नुसत्या 'सी' ने.

आता अमेरिकेच्या बाजूला शेकडो लेख का आले ते पाहू. यात थोडी गंमत आहे. अमेरिकन ग्रंथालयांत तेथील मूळ रहिवाशांविषयीचे हजारो ग्रंथ पिढ्यान् पिढ्या 'इंडियन्स ऑफ नॉर्थ अमेरिका' या शीर्षकाखाली लागले. कोलंबसाची चूक सूचीत शिरली आणि अजून पुरती निघालेली नाही. आपण भारतीय माणसे 'इंडियन बोर्डिंग स्कूल' असे लिहून शोधतो आणि कोल्हापूरऐवजी पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल येथे जाऊन पोहोचतो. एरिक हा अमेरिकन शिक्षणखात्याचा डेटाबेस सर्वांना मोफत खुला आहे आणि शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्याने त्यापासूनच सुरुवात करावी, असे मी म्हणेन. पण तेथेही 'इंडियन एज्युकेशन' म्हटले की बहुधा अमेरिकन इंडियन समजावे. ॲरिझोना स्टेट विद्यापीठाचे त्या विषयाला वाहिलेले नियतकालिक १९६१ पासून निघते.

हे साहित्य वाचावेच. कॅनडातील सॅस्कॅचवान विद्यापीठाचे 'आय-पोर्टल' मूळ रहिवाशांविषयीच्या लेखांसाठी विनामूल्य आहे. कार्लाइलची शाळा १८७९ ते १९१८ चालली; तिच्या विद्यार्थ्यांच्या फायली डिकिन्सन महाविद्यालयाने संगणकावर आणून ठेवल्या आहेत. मुलाचे शाळेत आल्यावर बदललेले नाव, घरी पाठविलेले पत्र, आजारपणाची नोंद हे सारे वाचताना कोणत्याही आईबापाचा हात थरथरेल. कॅनडात सुमारे दीड लाख मुले अशा शाळांतून गेली. तेथील सत्य व समेट आयोगाने २०१५ मध्ये अंतिम अहवाल देऊन ९४ शिफारशी केल्या, आणि साक्षी व कागदपत्रे मॅनिटोबा विद्यापीठातील राष्ट्रीय केंद्रात ठेवली आहेत.

येथे मात्र ताईंच्या विषयाचा खरा गाभा लागतो आणि तो सोडू नये, असे मला आग्रहाने वाटते. त्या साहित्यात 'बोर्डिंग स्कूल' हा शब्द शोकाचा आहे. मुलाला घरापासून, भाषेपासून, आजीच्या गोष्टींपासून तोडण्यासाठी ती शाळा होती. आपल्याकडे 'बोर्डिंग' हा शब्द कोणत्या स्वरात उच्चारला जातो ते घरातील वडीलधाऱ्यांना विचारा. गावात मुक्काम करून पाचवीच्या पुढे शिकणे ज्यांना अशक्य होते, ज्यांना तालुक्याच्या ठिकाणी कोणी भाड्याने खोली देत नव्हते, त्यांच्यासाठी ते दोन वेळचे जेवण, एक कंदील आणि सोबत अभ्यासाला बसणारी दहा मुले होती. राजर्षी शाहू महाराजांच्या कोल्हापुरात १९०८ साली निघालेल्या मिस क्लार्क बोर्डिंगपासून ही परंपरा दाखविता येते. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढले. नागपुरात चोखामेळा वसतिगृह होते. पुढे पीपल्स एज्युकेशन सोसायटीची महाविद्यालये आणि त्यांची वसतिगृहे आली. सूचीकाराच्या दृष्टीने पाहा : 'मिस क्लार्क' या नावात जातीचा मागमूस नाही, ते एका गव्हर्नरच्या कन्येचे नाव आहे. ज्याला हा इतिहास घरून ठाऊक नाही त्याला डेटाबेस तो सांगणार नाही.

दोन्हीकडे मूल घरापासून दूर एका छपराखाली झोपते. एकीकडे त्याला नेण्यात आले, दुसरीकडे ते जावे म्हणून समाजाने वर्गणी काढली. वसतिगृह कोणी मागितले, कोणी चालविले आणि सुटीत मूल कोणत्या भाषेत बोलत घरी आले, हे तीन प्रश्न विचारले की तुलनेला धार येते. पाश्चात्त्य साहित्यातील चौकट जशीच्या तशी उचलली तर मात्र आपली वसतिगृहे कार्लाइलच्या रांगेत जाऊन बसतील, आणि तो अन्याय ठरेल.

भारताच्या बाजूचा पुरावा कोठे आहे? प्रथम बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या दुसऱ्या खंडात. हे खंड महाराष्ट्र शासन १९७९ पासून प्रसिद्ध करीत आले असून संगणकावर विनामूल्य मिळतात. त्यात सायमन कमिशनपुढे १९२८ साली बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे सादर केलेले, मुंबई इलाख्यातील अस्पृश्यांच्या शिक्षणस्थितीविषयीचे निवेदन आहे. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मागणाऱ्या महार मुलाचे प्रकरण त्यात येते. त्याच खंडात १२ मार्च १९२७ चे मुंबई कायदे कौन्सिलमधील शिक्षण अनुदानावरचे भाषण आहे, आणि ते प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याने एकदा संशोधनपद्धतीचा पाठ म्हणून वाचावे. बाबासाहेबांच्या हातात नवीन असे काही नव्हते. शिक्षणखात्याचा छापील अहवाल होता. त्यातील आकडे त्यांनी लोकसंख्येशी ताडून पुन्हा मांडले. प्राथमिक शाळेत दर हजारी पुढारलेले हिंदू ११९, मुसलमान ९२, मध्यम वर्ग ३८ आणि मागास वर्ग १८. महाविद्यालयाच्या रकान्याशी येईतो मागास वर्गाच्या नावापुढे जवळजवळ शून्य. अहवाल लिहिणाऱ्यांनी जे सांगण्याचे योजिले नव्हते ते त्यांच्याच तक्त्यातून वदवून घेतले.

तसे तक्ते आजही वाट पाहत आहेत. 'साउथ एशिया ओपन आर्काइव्ह्ज' हा संग्रह जेस्टोरच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतो आणि वसाहतकालीन अहवाल व जनगणनेचे ग्रंथ त्यात आहेत. तेथे 'हॉस्टेल' शोधून भागत नाही; 'बोर्डिंग हाउस', 'स्टुडंट्स होम', 'बॅकवर्ड क्लास हॉस्टेल' हे शब्द घ्यावेत, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर शिक्षणखात्याचा वार्षिक अहवाल उघडून शिष्यवृत्ती व अनुदानाची प्रकरणे डोळ्यांनी चाळावीत. संगणकाने वाचून काढलेल्या जुन्या छपाईत अक्षरे इतकी चुकतात की शोध रिकामा आला म्हणून पान रिकामे आहे असे समजू नये.

एका खड्ड्याची सूचना विशेष करून देते, कारण त्यात भले भले पडतात. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्धांची संख्या अडीच हजारांच्या आत होती. १९६१ मध्ये ती सुमारे २७ लाख ९० हजार झाली. केंद्राच्या १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात मात्र बौद्धांचा समावेश १९९० पर्यंत नव्हता. म्हणजे धर्मांतराने ज्या घरांतील शिक्षणाला सर्वाधिक वेग आला, तीच घरे केंद्राच्या अनुसूचित जातींच्या शैक्षणिक तक्त्यांतून चौतीस वर्षे बाहेर राहिली. महाराष्ट्र शासनाने सवलती चालू ठेवल्यामुळे राज्याच्या कागदांत 'अनुसूचित जाती व नवबौद्ध' असा जोडशब्द सापडतो. ज्या अभ्यासात १९६१ आणि १९७१ चे महाराष्ट्रातील अनुसूचित जातींचे साक्षरतेचे आकडे घेतले आहेत आणि नवबौद्धांचा उल्लेख नाही, त्या अभ्यासाच्या निष्कर्षावर मी विश्वास ठेवणार नाही. ताईंनीही ठेवू नये.

आदिवासींचा प्रश्न आणखी वेगळा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या मूळ रहिवाशांच्या हक्कांविषयीच्या २००७ च्या जाहीरनाम्याच्या बाजूने भारताने मत दिले; पण देशातील सर्वच नागरिक मूळचे आहेत अशी सरकारची भूमिका राहिली. परिणामी 'इंडिजिनस' हा शब्द भारतीय कागदांत फारसा नाही. तेथे 'ट्रायबल' किंवा 'शेड्यूल्ड ट्राइब्ज' शोधावे. पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आणि केंद्रीय जनजातीय मंत्रालयाचे संगणकीय भांडार यांकडे वळावे. कार्लाइलकडे ज्या संशयाने आपण पाहतो त्या संशयाने महाराष्ट्रातील आश्रमशाळांकडे पाहण्यास जागा आहे : मूल गोंडी, कोरकू किंवा भिली बोलत येते आणि मराठी पाठ्यपुस्तक त्याच्या पुढ्यात पडते. ताईंना दुसरा लघुप्रबंध लिहावयाचा झाल्यास विषय तयार आहे.

आपल्यातील काही मंडळी स्वतःस 'मूलनिवासी' म्हणवितात आणि त्या नात्याने 'इंडिजिनस स्टडीज'च्या सदरात आपला समावेश व्हावा असे मानतात. माझे मत भिन्न आहे, ते मी येथे नोंदविते. बाबासाहेबांनी १९४६ च्या 'हू वेअर द शूद्राज' मध्ये आर्य आक्रमणाचा सिद्धान्त नाकारला, आणि १९४८ च्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात अस्पृश्यतेचे मूळ वंशात असल्याचे मानले नाही. मूळ रहिवाशांच्या चळवळींकडून आपण शिकावे, त्यांच्याशी मैत्री करावी. त्यासाठी त्यांचे नाव घेण्याची आवश्यकता नाही. जाता जाता सांगते, कोलंबियात ९ मे १९१६ रोजी बाबासाहेबांनी जातींविषयीचा निबंध ज्यांच्या चर्चासत्रात वाचला ते अलेक्झांडर गोल्डनवायझर उत्तर अमेरिकेतील इरोक्वॉय लोकांचे अभ्यासक होते. ही दोन अभ्यासक्षेत्रे एकाच टेबलाभोवती बसल्याला शतक उलटून गेले.

मराठीतील शोध हे स्वतंत्र दुखणे आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचे 'शोधगंगा' हे भांडार भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांसाठी अमोल आहे, आणि वसतिगृहांवरचे, समाजकल्याण खात्यावरचे, एकेका जिल्ह्यातील बौद्ध विद्यार्थ्यांवरचे मराठी प्रबंध तेथे मिळतात. पण बरेच जुने मराठी प्रबंध युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलिखित आहेत. डोळ्यांना ते मराठी दिसतात. यंत्राच्या लेखी ती रोमन अक्षरांची निरर्थक माळ असते. म्हणून अशा प्रबंधांत आतील मजकूर शोधण्याचा नाद सोडून विद्यापीठ आणि विभाग निवडावा व शीर्षकांची यादी वरून खाली वाचावी. शीर्षक कोठे देवनागरीत, कोठे रोमनमध्ये असते. 'वसतिगृह' ऱ्हस्व लिहावे की दीर्घ, यावरही एक प्रबंध सापडतो किंवा हरवतो. 'ऱ्या' हे जोडाक्षर संगणकात दोन प्रकारे साठविता येते आणि दोन्ही दिसायला सारखीच असतात.

जुन्या नियतकालिकांसाठी जुने लेखन आठवावे लागते. 'मूकनायक' १९२० चा, 'बहिष्कृत भारत' १९२७ चा, 'जनता' १९३० चा. लेखनाचे नवे नियम आले १९६२ साली. त्या काळी 'नाहीं', 'शाळेंत', 'विद्यार्थ्यांकरितां' असे लिहीत. पहिल्या दोन पत्रांचे अंक शासनाने १९९० मध्ये ग्रंथरूपाने उपलब्ध केले, परंतु त्यांच्या चित्ररूप प्रतीत शब्द शोधता येत नाही. पाने उलटावी लागतात. सोलापूरच्या वसतिगृहाला कोणी किती मदत केली, अशा प्रकारच्या माहितीसाठी जाहिरातींची व पोचपावत्यांची पाने टाकून देऊ नयेत.

आता ओमानमध्ये बसून हे मिळवावयाचे कसे. येथील उच्च शिक्षणसंस्थेत आपण किंवा आपली मुले शिकत असतील तर 'मसादर' या आभासी ग्रंथालयाची चौकशी संस्थेच्या ग्रंथपालांकडे करावी. मसादर म्हणजे अरबीत स्रोत. भारतातील शासकीय विद्यापीठात नाव असेल तर 'एक राष्ट्र, एक सदस्यता' या २०२५ पासूनच्या योजनेत सुमारे १३,००० नियतकालिके आहेत. परदेशातून प्रवेश मिळतो किंवा कसे ते ग्रंथालयास लेखी विचारावे. जेस्टोरवर वैयक्तिक खाते उघडले तर महिन्याला शंभर लेखांपर्यंत फुकट वाचता येतात, आणि 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'चे जुने अंक तेथेच आहेत. तरीही एखादा लेख पैशाच्या दाराआड राहिला तर लेखकाला सरळ पत्र लिहावे. बहुतेक अभ्यासक आनंदाने प्रत पाठवितात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राला संदर्भ विचारले तर जगात नसलेल्या लेखांची नावेही ते ऐटीत देते, म्हणून त्याचा उपयोग पर्यायी शोधशब्द सुचविण्यापुरता ठेवावा आणि प्रत्येक नाव सूचीत पडताळून घ्यावे.

येथील वाचकांसाठी एक आडवळण. 'कतार डिजिटल लायब्ररी' या मोफत संग्रहात आखाताविषयीचे ब्रिटिश कागद आहेत, आणि या किनाऱ्याचा कारभार दीर्घकाळ मुंबई सरकारकडून पाहिला जात असे. १८२० च्या अखेरीस आणि पुन्हा १८२१ च्या मार्चमध्ये मुंबई सैन्याने शरकियातील बनी बू अली येथे स्वारी केली. त्या काळी मुंबई सैन्यात महार शिपायांची भरती मोठी होती. आज आपण सूरच्या पुढे सहलीला जाताना पाटीवर जे गाव वाचतो ते जुन्या कागदांत 'बेनी बू अली' म्हणून, दोन 'ओ' घालून लिहिलेले असते. परक्या तक्त्याखाली येथील टोळीवर चालून गेलेल्या फौजेचा अभिमान बाळगावा असे मी म्हणत नाही. पण आपल्या माणसांचे या भूमीवरचे पाऊल पेट्रोलपूर्वीचे आहे, हे मुलांना ठाऊक असावे.

शेवटी, जे कोणत्याच डेटाबेसमध्ये नाही त्याविषयी. वसतिगृहाचे ओळखपत्र, शिष्यवृत्तीचा कागद, गॅदरिंगचे छायाचित्र, वडिलांना आलेले पोस्टकार्ड आपल्यापैकी अनेकांच्या गावाकडील ट्रंकेत आहे. ऑस्ट्रेलियातील वारुमुंगू लोकांनी संशोधकांच्या साहाय्याने 'मुकुर्तू' नावाची संग्रहप्रणाली घडविली. ती आता कोणत्याही समाजाला मोफत वापरता येते, आणि कोणती वस्तू सर्वांनी पाहावी, कोणती घरच्यांनीच, हे त्या समाजाला ठरविता येते. आपल्या मंडळासाठी ती बसवून पाहण्याचे काम मी अंगावर घेतले आहे. तोवर सुटीत गावी जाल तेव्हा कागदाच्या दोन्ही बाजूंचे स्वच्छ छायाचित्र घ्यावे आणि फाइलीला साल, गाव, वसतिगृह आणि कागदाचा प्रकार या क्रमाने नाव द्यावे. छायाचित्रातील माणसांची नावे आजी-आजोबांकडून डावीकडून उजवीकडे विचारून घ्यावीत. जातीचे दाखले आणि ओळख क्रमांक असलेले कागद घरीच ठेवावेत. ते कोणत्याही सामायिक फोल्डरमध्ये टाकू नयेत.

आणि एक मागणे आहे. तुमच्या तालुक्यात त्या वसतिगृहाला लोक काय म्हणत, तो शब्द मला कळवा : बोर्डिंग, होस्टेल, छात्रालय, की केवळ चालविणाऱ्या गुरुजींचे नाव. सोबत गाव, जिल्हा आणि अंदाजे साल लिहा. आलेल्या शब्दांची सूची पुढच्या अंकात याच सदरात छापीन.